चौदा ते अठरा : बालगुन्हेगारी आणि आपण

(येथील वाचनालयाच्या सभागृहात पालक, शिक्षक व तरुण मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासमोर आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर श्रोत्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास विषय दिला तो ‘बालगुन्हेगारीची कारणे व उपाय’ हा. हे ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, “त्यात बोलण्यासारखे काय आहे? हल्लीची पोरे मोबाइलने बिघडली, बापांनी हात उचलायचे सोडले म्हणून ती सुधारत नाहीत, आणि सरकारने कायदा मऊ केला म्हणून ती भीत नाहीत. झाले तुमचे व्याख्यान!” स्नेह्यांचे हे तीन वाक्यांचे व्याख्यान या गावात कट्ट्याकट्ट्यावर रोज होत असते आणि त्याला टाळ्याही पडतात. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याला टाळ्या पडतील अशी आमची अपेक्षा नाही, कारण त्यात मुलांविषयी थोडे आणि आपणा वडीलधाऱ्यांविषयी अधिक आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी अठरा वर्षांखालील मुलांविरुद्ध देशभरात ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी देशात नोंदलेल्या एकूण गुन्ह्यांची संख्या ५८ लाखांवर होती. म्हणजे शंभर गुन्ह्यांमागे मुलांच्या वाट्यास एक पुरता गुन्हाही येत नाही. नोंद न झालेले प्रकार पुष्कळ असतात हे आम्ही जाणतो. वृत्तपत्राच्या धंद्यात राहून सरकारी आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याइतके भोळेपण आमच्या अंगी उरलेले नाही. तथापि पोरांनी देश बुडवला, ही ओरड या आकड्यांपुढे टिकत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या ओरडीपेक्षा अधिक गंभीर आहेत. त्या वर्षी पकडलेल्या ३७,७८० मुलांपैकी २९,६९० मुले सोळा ते अठरा या वयातील होती. आणि यांतील बहुसंख्य मुले अनाथ वा बेघर नव्हती. ती आपल्या आईबापांपाशी राहत होती. रात्री घरी जेवत होती, त्याच छपराखाली निजत होती. तेव्हा ‘कोणाची तरी वाऱ्यावर सोडलेली पोरे’ असे म्हणून हात झटकण्याची सोय आपणास उरत नाही.

सोळा वर्षांचा मुलगा एका रात्रीत तेथे येऊन उभा राहत नाही. तो कोठून आला, वाटेत त्यास कोण कोण भेटले आणि कोणी तोंड फिरवले, हा आजच्या भाषणाचा खरा विषय आहे. त्याची सुरुवात आम्ही आमच्या स्वतःच्या अपराधापासून करणार आहोत.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिकवणीच्या वर्गाबाहेर लावलेली एक सायकल नववीतील एका मुलाने पळवली आणि दोन दिवसांनी ती विकावयास नेली असता तो सापडला. बातमी आमच्या हाती आली. मुलाचे नाव छापावयाचे नाही हा कायदा तेव्हाही होता आणि आम्ही तो पाळला, अशी आमची समजूत होती. नाव दिले नाही. मात्र गल्लीचे नाव दिले, बाप हमाली करतो हे दिले, इयत्ता दिली, आणि वर मथळा दिला ‘बालचोरटा गजाआड’. तो गजाआड नव्हताच. त्याला रात्रीच घरी सोडले होते. पण मथळ्यास वजन हवे असते. तिसऱ्या दिवशी त्याची आई कार्यालयात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले ते कात्रण तिने आमच्या टेबलावर पसरले आणि म्हणाली, “नाव न्हाई घातलं म्हंतासा, पर आमच्या गल्लीत हमाल एकच हाय की ओ.” ती भांडली नाही. तिला एवढेच हवे होते की पोरास शाळेत परत घ्यावे असे चार शब्द आम्ही मुख्याध्यापकांना सांगावेत, कारण शाळेने ‘दाखला घेऊन जा’ म्हणून निरोप धाडला होता. आम्ही ‘बघतो’ म्हणालो. त्या आठवड्यात निवडणुकीची धांदल होती. आम्ही बघितले नाही.

दोन वर्षांनी तोच मुलगा पुन्हा आमच्या पत्रात आला. या वेळी घरफोडी होती आणि बरोबर तिशीतले दोन इसम होते. आमच्याच बातमीदाराने लिहून आणलेल्या मजकुरात त्याच्यासाठी ‘सराईत’ हा शब्द होता. आम्ही तो शब्द खोडला, पण खोडताना हात थांबला. मधल्या दोन वर्षांत तो सराईत कसा झाला, याची चौकशी आम्ही मागाहून केली. शाळा सुटल्यावर तो काही महिने एका खाणावळीत कपबशा धूत होता, मग एका गॅरेजमध्ये. तेथे संध्याकाळी जमणाऱ्या टोळक्यात हे दोघे होते. त्यांनी त्यास जेऊ घातले, शर्ट घेऊन दिला, आणि ‘तुझे नाव पेपरात आले होते ना रे?’ म्हणून कौतुकाने पाठीवर थाप मारली. गावात त्या मुलाच्या पाठीवर पडलेली ती एकमेव थाप असावी. पुढे ते कुटुंब बिऱ्हाड मोडून निघून गेले. आज ते कोठे आहे ते आम्हास ठाऊक नाही.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण फार लाडाने वापरतो. एखाद्या पोराने दुकानातून गोळीचा पुडा उचलला की आपण पाळण्यापर्यंत मागे जातो. मग त्याच्या बापापर्यंत, आजापर्यंत, आणि शेवटी जातीपर्यंत. या म्हणीस एके काळी सरकारी कायद्याचे रूप मिळाले होते, हे विसरू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी वगैरे ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती वसवल्या गेल्या आणि १९११ च्या कायद्याने तर मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारने घेतला. १९५२ साली हा कायदा गेला. सोलापूरकरांच्या तोंडी ‘सेटलमेंट’ हा शब्द मात्र राहिला, आणि चोरी झाली की प्रथम कोणत्या वस्तीकडे बोट दाखवावयाचे ही सवयही राहिली.

या समजुतीचा निकाल शास्त्राने कधीच लावलेला आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन अभ्यासकांनी पुष्कळ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि १९४२ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. कारखान्यांच्या आसपासच्या काही पडक्या वस्त्यांतून बालगुन्हेगार अधिक निघत. तेथे आधी जर्मन आणि आयरिश राहत होते; ते निघून गेले आणि इटालियन व पोलिश लोक आले. माणसे बदलली, वस्तीचा आकडा मात्र चढाच राहिला. आणि जे लोक त्या वस्तीतून बाहेर पडून बऱ्या ठिकाणी गेले त्यांच्या मुलांतील गुन्हेगारी ओसरली. दोष रक्तात असता तर तो बिऱ्हाडाबरोबर गेला असता.

मग केवळ गरिबी हे कारण म्हणावे काय? तेही पुरते खरे नाही. या सभागृहात कित्येक जण असे आहेत की ज्यांचे बालपण एका सदऱ्यावर गेले आणि ज्यांनी कोणाच्या काडीला हात लावला नाही. उलट श्रीमंतांच्या घरीही हा रोग आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप झाला. बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन दिला तेव्हा देशभर संताप उसळला. आम्हालाही तो निबंध अनाठायी वाटला. परंतु मुलास जामीन मिळणे हा अन्याय नव्हे. जामीन हा या कायद्याचा सर्वांसाठी सांगितलेला नियम आहे. अन्याय हा की तोच नियम हमालाच्या पोरापर्यंत पोहोचावयास आठवडे लागतात, कारण त्याच्यासाठी उभा राहणारा वकील नसतो आणि बापास मजुरी बुडवून खेटे घालणे परवडत नाही. शिवाय किल्ली मुलाच्या हाती कोणी दिली हा प्रश्न आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशा प्रसंगी पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. आपल्या गावातही शिकवणीच्या वेळी मिसरूड न फुटलेली पोरे बापाच्या मोटारसायकली उडवीत जातात. त्या बापांपैकी काही या सभागृहात बसले असतील. त्यांनी घरी जाऊन किल्ली कोठे टांगलेली असते ते पाहावे.

आमच्या मते गरिबीपेक्षाही नेमके असे एक कारण आहे आणि ते चौदा या आकड्यात लपलेले आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलास शाळेत ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. बालमजुरीचा कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवू देत नाही. घरच्या धंद्यात शाळेनंतर केलेली मदत यासारखे थोडे अपवाद सोडून. चौदा पुरी झाली की दोन्ही कायद्यांचे बोट सुटते. पुढे त्यास केवळ धोक्याच्या कामांची मनाई आहे. अन्यत्र कोणीही राबवावे. मत देण्यास, करार करण्यास तो अठरापर्यंत लहान. राबण्यास मात्र चौदाव्या वर्षीच मोठा! नववीत नापास झालेला पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या पटावर राहत नाही, कारखान्याच्या हजेरीपटावर येत नाही, आणि पहाटे बाहेर पडून रात्री परतणाऱ्या बापाच्या दृष्टीसही पडत नाही. ही चार वर्षे तो कोणाचाच नसतो. पकडलेल्या मुलांत चार पंचमांश मुले सोळा ते अठरा वयाची का, याचे उत्तर आम्हास येथे दिसते.

आणि जो कोणाचाच नसतो त्यास आपला म्हणणारा कोणी तरी निघतोच. आपल्या भागात तर तो शोधावाही लागत नाही. गोव्याची स्वस्त दारू घाटातून चोरून आणण्याचा धंदा सीमाभागास नवा नाही. मटक्याच्या चिठ्ठ्या गोळा करण्यास चलाख पोर लागते. ज्याच्यावर संशय येणार नाही आणि जो सापडला तरी लवकर सुटेल असा हात या धंदेवाल्यांना हवा असतो. हा कायदा मऊ आहे हे त्या पोरांना ठाऊक नसते. ते ठाऊक असते त्यांना वापरणाऱ्या मोठ्यांना. याच मोठ्यांसाठी कायदा मुळीच मऊ नाही, हे मात्र गावास ठाऊक नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाकरवी दारू वा अमली पदार्थ विकणाऱ्यास अथवा वाहून नेवविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. दारू किंवा तंबाखू मुलाच्या हाती देणाऱ्यासही तितकीच शिक्षा आहे. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ९५ व्या कलमाने गुन्ह्यासाठी मुलास कामास लावणाऱ्यास किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची कैद सांगितली आहे. शाळेसमोरच्या टपरीवर सुटी सिगारेट कोण विकतो हे या गावात कोणास माहीत नाही? मुलाच्या थोबाडीत मारण्यास आपले हात शिवशिवतात, टपरीवाल्याविरुद्ध अर्ज लिहिण्यास मात्र शाई सापडत नाही.

येथे आम्हास आमच्या स्वतःच्या घरातही डोकावणे भाग आहे. हे पत्र ज्या चळवळीचे आहे तिच्या मोर्चांत आम्ही विशीपासून चालत आलो आहोत आणि त्याचा आम्हास अभिमान आहे. परंतु मोर्चा तापला की पुढे कोण असते? आठवी-नववीतली पोरे. बसच्या काचेवर पहिला दगड पडतो तो बहुधा त्यांच्या हातून, आणि मागे उभे असलेले आम्ही प्रौढ लोक त्या वेळी दुसरीकडे पाहत असतो. कित्येकदा तर ‘शाब्बास’ असेही म्हणतो. संध्याकाळी आम्ही वकील गाठून जामिनावर सुटतो, सत्कार घेतो. त्या पोराचे काय होते? त्याची परीक्षा चुकते, घरी मार बसतो, आणि काच फोडली की वाहवा मिळते हा धडा त्याच्या मनात कायमचा बसतो. मुलांना बेकायदा कामांसाठी वापरणाऱ्या प्रौढांना शिक्षा सांगणारे कायद्याचे कलम धंदेवाला आणि कार्यकर्ता असा भेद करीत नाही, आणि तो करावा असे आम्हासही वाटत नाही. अठरा वर्षांखालील मुलगा आमच्या कोणत्याही मोर्चाच्या पुढच्या रांगेत असता कामा नये. हे आम्ही आज जाहीरपणे सांगत आहोत. आमच्या सहकाऱ्यांस राग आला तरी त्यास आमचा इलाज नाही.

अशाच एका आंदोलनानंतर चार दिवस तुरुंगाचा पाहुणचार घेण्याचा योग आम्हास आला होता. बराकीत एक पोर होते. कागदावर वय १९. तोंडावर लव नाही, आवाज नुकताच फुटलेला. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, “धाव्वीत होतो.” वयाचा दाखला कोणी मागितला नव्हता, घरच्यांना तो द्यावयाचा असतो हे माहीत नव्हते, आणि पकडणाऱ्याने अंदाजाने आकडा घातला होता. त्या एका आकड्याने तो चोरांच्या आणि दरोडेखोरांच्या पंगतीत जाऊन बसला. आम्ही बाहेर आल्यावर एका वकील मित्राने त्याचा शाळेचा दाखला मिळवून न्यायालयापुढे ठेवला. तेव्हा तो सोळा वर्षे चार महिन्यांचा निघाला.

म्हणून कायदा काय सांगतो ते थोडक्यात ऐकून ठेवा. मुलांस मोठ्यांच्या तुरुंगात ठेवू नये हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात १९२४ सालीच मुलांचा कायदा झाला. १९२९ च्या बोर्स्टल कायद्याखालील शाळा तर आपल्या शेजारी धारवाडलाच होती. स्वातंत्र्यानंतरही मुले तुरुंगांत सडत होतीच. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार बाईंनी ते सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले आणि १९८६ साली देशास पहिला एकसारखा बाल न्याय कायदा मिळाला. त्यानंतर २००० चा कायदा आला. आणि डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेत एक आरोपी अठराच्या आतला निघाल्यावर जो क्षोभ झाला त्यातून आजचा २०१५ चा कायदा आला. सोळा वर्षांवरील मुलाने अतिघोर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर प्राथमिक तपासणी करून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा काय हे ठरविण्याची तरतूद त्यात आहे. ती योग्य की अयोग्य यावर विद्वानांत मतभेद आहेत. आम्हास ती घाईची वाटते. पण चोरी-मारामारीच्या नेहमीच्या प्रकरणांशी तिचा संबंध नाही आणि आपल्या गावातील प्रकरणे बहुतेक तशीच असतात.

तुमच्या गल्लीतले मूल पकडले गेले तर एवढे ध्यानात ठेवा. त्यास कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, पैकी एक तरी स्त्री असते. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याणाचे काम पाहणारा एक अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्याचे नाव विचारा. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलास सोडणे हा नियम आहे. सोडल्याने तो वाईट संगतीत अथवा धोक्यात जाईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल असे दिसले तरच नकार देता येतो. वकिलाचा खर्च नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळण्याचा मुलास हक्क आहे. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मदाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा दाखला. हेही नसेल तेव्हाच वैद्यकीय तपासणी. तेव्हा मातांनो, दागिन्यांच्या डब्यात एक जागा या कागदासाठी ठेवा. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत, संपली नाही तर ती रद्द होते. आणि मुख्याध्यापकहो, हे खास आपल्यासाठी : अशा प्रकरणात दोषी ठरलेल्या मुलाला त्यामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, असे कायद्याचे २४ वे कलम सांगते, सोळा वर्षांवरील मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालला असेल तरच त्यास अपवाद आहे. जेथे कायदा दाखला मागत नाही तेथे शाळेने तो हाती देऊ नये.

या मुलांसाठी सरकारी भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द आहे. उच्चारताना दात हलतात हे खरे, आणि आम्ही त्याची थट्टाही केलेली आहे. परंतु ‘बालचोरटा’ या आमच्या सुटसुटीत शब्दापेक्षा तो शतपट माणुसकीचा आहे. संघर्ष संपू शकतो. चोरटा हा शब्द अंगावर गोंदवल्यासारखा राहतो.

आता मार, दटावणी आणि भीती यांविषयी. आपल्याकडे एक रीत आहे. पोर हट्टी झाले की ओळखीच्या पोलिसास सांगून त्यास एकदा ‘आतून दाखवून आणावयाचे’. अमेरिकेत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. न्यू जर्सीतील राहवे येथील तुरुंगात १९७० नंतरच्या दशकात वांड मुलांना नेत, जन्मठेपेचे कैदी त्यांच्यावर ओरडत, तुरुंगातील जिण्याची भयानक वर्णने करीत. लोकांना हे फार आवडले. त्याचा चित्रपट निघाला, इतर राज्यांनी अनुकरण केले. पुढे अभ्यासकांनी शास्त्रशुद्ध तुलना केली. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले तुरुंग पाहावयास नेली, निम्मी नेली नाहीत. अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा निघाले असे, की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनीच पुढे अधिक गुन्हे केले. त्याची कारणे काहीही असोत, ओळखीचा फौजदार ही शिक्षणपद्धती नव्हे एवढे यावरून ठरते.

त्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. राजकोटच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने भावाचे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच भावाच्या हातातील कड्याचा सोन्याचा तुकडा चोरला. मनाची टोचणी सहन होईना तेव्हा त्याने कबुलीची चिठ्ठी लिहून आजारी बापाच्या हाती दिली. बापाने ती वाचली, डोळ्यांतून पाणी आले, कागद भिजला; त्याने तो फाडून टाकला आणि पुन्हा अंथरुणावर पडला. त्या मुलाचे नाव मोहनदास. गांधीजींच्या आत्मकथेतील हा प्रसंग आपण भाषणांत पुष्कळदा वापरतो, पण बापाच्या बाजूने क्वचितच वाचतो. त्या बापापाशी मारण्याइतके कारण होते.

आता करावयाचे काय? आम्ही योजनांची जंत्री देणार नाही. मूल वाया जाते ते शाळेतील गैरहजेरीपासून, आणि गैरहजेरी ही मोजता येणारी गोष्ट आहे. चार दिवस बाक रिकामा दिसला की पाचव्या दिवशी कोणी तरी त्या घराच्या उंबऱ्यावर गेले पाहिजे. शिक्षकांवर जनगणना, निवडणूक आणि माध्यान्ह भोजन यांचा बोजा आहे हे आम्ही जाणतो, म्हणून हे काम गावानेच उचलावे. गणेशोत्सवात रात्र रात्र जागणारी मंडळे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांचा उत्साह अकरा दिवसांनी विसर्जित होतो. त्यांतील दोघांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ दिल्या तरी एका गल्लीचे काम भागेल.

शाळा सुटलीच असेल तर वाटा बंद झालेल्या नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदा वर्षांवरील मुलास घरी राहून दहावी देता येते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात बाहेरून परीक्षेस बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म तर सर्वांच्या ओळखीचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा आहे. आपल्या गावच्या उद्यमबागेत आणि गॅरेजांत पोरे राबतातच. त्यांच्या मालकांनी त्यांना संध्याकाळी दोन तास अभ्यासास सोडावे, एवढे व्यापारी मंडळींनी मनावर घ्यावे. तालमी ओस पडत चालल्या आहेत. लाल मातीत संध्याकाळी दोन तास घाम गाळून दमलेले आणि वस्तादाच्या डोळ्यांखाली असलेले पोर रात्री कट्ट्यावर बसत नाही, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. मुलींचा प्रश्न वेगळा आहे. गुन्ह्यांच्या नोंदीत त्या थोड्या दिसतात, कारण त्यांची शाळा सुटली की त्या रस्त्यावर येत नाहीत, लग्नाच्या बोहल्यावर जातात. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे आणि ते भगिनींपैकी कोणी तरी द्यावे, अशी चालकांना आमची सूचना आहे.

या पत्रापुरते आम्ही ठरवले आहे ते असे : मुलाचे नाव तर नाहीच, गल्ली, बापाचा धंदा, शाळा, ओळख पटेल असे काहीही यापुढे येणार नाही. त्याच्याबरोबर जो मोठा माणूस पकडला गेला असेल, त्याच्यावरील आरोप आणि त्याच्या खटल्याचा पुढला हाल मात्र येईल. आमच्याकडून चूक झाल्यास ते कात्रण घेऊन कार्यालयात या. या खेपेस आम्ही ‘बघतो’ म्हणणार नाही.

दाराशी एक वही ठेवली आहे. गावातील तीन शाळांच्या मुख्याध्यापकांनी दिवाळीपासून न आलेल्या आठवी ते दहावीच्या मुलांची यादी आम्हाकडे विश्वासाने दिली आहे. ती यादी वहीत नाही आणि कोठे छापलीही जाणार नाही. वहीत फक्त आपले नाव आणि मोकळी असलेली संध्याकाळ लिहावयाची आहे. यादीत एकेचाळीस मुले आहेत. दोघांनी मिळून एक घर असे धरले तर ब्याऐंशी माणसे लागतील. या सभागृहात आज त्याहून अधिक आहेत. सोमवारी सायंकाळी साडेसहास येथेच जमू आणि घरे वाटून घेऊ.